विहिरीतला गोटा कांद्यासारखा का सोलतो? आणि दगडमातीचे आणखी चार प्रश्न

मागच्या महिन्यात आपण लिहिलं होतं की पायाखालचा दगड, माती, विहीर, डोंगर यांच्याबद्दल काय मनात येईल ते विचारा. प्रश्न भरपूर आले, बहुतेक आपल्या नाशिक जिल्ह्यातूनच. सगळे घेता येणार नाहीत पण त्यातले पाच वाचताना लक्षात आलं की पाचही जण एकाच गोष्टीबद्दल विचारतायत, फक्त कोणाला ती विहिरीत दिसली, कोणाला द्राक्षाच्या पानावर आणि कोणाला लेण्याच्या भिंतीवर. ती गोष्ट म्हणजे दगडाचं कुजणं. शाळेच्या भूगोलात त्यालाच विदारण म्हणतात, पण मला कुजणं हाच शब्द जास्त खरा वाटतो, कारण पाला कुजून जसं खत होतं तशी दगड कुजून माती होते.

सिन्नर तालुक्यात विहीर खोदतोय. मुरूम संपला तसे खाली गोल गोल गोटे लागले. हाताने कांद्यासारखे पापुद्रे निघतात आणि आत काळा टणक गड्डा. गावातले म्हातारे म्हणतात इथून पूर्वी नदी गेली होती. खरं का?

नाही दादा, नदी नव्हती. म्हणजे तुमच्या म्हाताऱ्यांचा अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही, गोल गोटा दिसला की नदीच आठवते, पण हे गोटे कुठून वाहत आलेले नाहीत, जिथे आहेत तिथेच गोल झालेत.

झालं असं की आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हारस. थंड होताना तो आकसला आणि आकसताना त्याला उभ्या आडव्या भेगा पडल्या, म्हणजे अखंड कातळाचे खोक्यासारखे तुकडे झाले. आता त्या भेगांतून पाणी उतरतं. खोक्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेने काम करतं, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन. म्हणून सगळ्यात आधी कोपरे जातात, मग कडा, आणि चौकोनी दगड हळूहळू आतल्या आत लाडूसारखा गोल होत जातो. बाहेरच्या भागातल्या खनिजांची चिकणमाती होते, ती पाणी पिऊन फुगते, त्यामुळे बाहेरची साल आतल्या टणक दगडापासून सुटते, मग पाणी आणखी आत, मग दुसरी साल. भूगर्भवाले इंग्रजीतसुद्धा याला कांद्याच्या सालीचंच नाव देतात, ज्यांनी दिलं त्यांनी लासलगाव बघितलं नसेल पण शब्द अगदी बरोबर सापडला.

पाणी हे करू कसं शकतं? पावसाचं पाणी हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून खाली येतं म्हणून ते मुळातच किंचित आंबट असतं, सामू (पीएच, ७ च्या खाली म्हणजे आंबट) साधारण ५.६. जमिनीत मुरताना तर आणखी आंबट होतं, कारण मुळं आणि जीवाणू श्वास सोडत असतात आणि मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. तेच पाणी भेगेत वर्षानुवर्षं बसून राहतं. उघड्या कातळावरून पाऊस धावत निघून जातो, जमिनीखालच्या दगडाला मात्र सुटका नाही, म्हणून खालचा दगड जास्त कुजतो.

नदीचा गोटा ओळखायचा असेल तर त्याला साल नसते, अंगाने गुळगुळीत असतो आणि शेजारी दहा जातीचे दगड वाळूत मिसळलेले असतात. तुमच्याकडे दोन गोट्यांच्या मधली भेग सरळ रेषेत वरपर्यंत जाताना दिसेल, नीट बघा, विहिरीच्या भिंतीवर पाणी मारलं की ती जाळी स्पष्ट दिसते.

आणि एक सांगते, विहीर बांधून काढायच्या आधी एकदा खाली उतरून सगळी भिंत बघा. वर काळी माती, मग पांढरट चुनखडीचा थर, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे अर्धवट कुजलेला दगड, मग पक्का काळा पाषाण. हे पाच वेगवेगळे पदार्थ वाटतात पण एकाच दगडाची वेगवेगळी वयं आहेत ती. वरून खाली उतरताना तुम्ही म्हातारपणाकडून तरुणपणाकडे जाताय.

निफाडला द्राक्षबाग आहे. माती परीक्षणात मुक्त चुना खूप जास्त आला, पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. इथे ना समुद्र ना चुन्याची खाण, मग हा चुना आला कुठून?

तुमच्या काळ्या पाषाणातूनच आला. आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला म्हणून उत्तर लांबणार आहे, थोडा धीर धरा.

आधी बागेचं. चुन्यामुळे जमिनीचा सामू चढतो, मग लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून पान पिवळं पडतं. साधं फेरस सल्फेट जमिनीतून दिलं तर तेही तिथेच अडकून बसतं, म्हणून चिलेटेड लोह (मातीत न अडकणाऱ्या रूपातलं) आणि चुना सोसणारा रूटस्टॉक (कलमाचा खुंट) हा मार्ग असतो, किती आणि कधी ते तुमच्या सल्लागाराला विचारा, तो माझा विषय नाही.

आता चुना. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, कॅल्शियम भरपूर असतं, पण ते सिलिकेटच्या, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या, जाळ्यात घट्ट अडकलेलं. ते आंबट पाणी आलं की कॅल्शियम सुटतं आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड त्याच्या जोडीला बायकार्बोनेट बनून जातो. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तिथे हे सगळं धुऊन नदीला जातं. निफाड-सिन्नरकडे पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे, पाणी थोडं खाली उतरतं आणि उन्हाळ्यात वाळून जातं, मग कॅल्शियम आणि कार्बन तिथल्या तिथे जोडी जमवून चुनखडीचा खडा होऊन बसतात. म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरच्या अंतरात एकाच दगडाचं एका बाजूला लाल भातजमीन झाली आणि दुसऱ्या बाजूला चुनखडीची काळी.

एक करून बघा. बागेतला चुनखडीचा खडा धुऊन फोडा आणि त्याच्यावर लिंबू पिळा. बारीक फेस येईल. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जो हजारो वर्षांपूर्वी हवेतून आणि मुळांच्या श्वासातून त्या खड्यात जाऊन बसला होता आणि आत्ता तुमच्या हातावर सुटतोय.

या एका फेसात पृथ्वीची सगळी गोष्ट आहे, खरंच. कारण जे तुमच्या बागेत होतं तेच पृथ्वीभर कोट्यवधी वर्षं चालू आहे. नद्या विरघळलेलं कॅल्शियम समुद्रात नेतात, तिथे शंख-शिंपले, पोवळी आणि डोळ्याला न दिसणारे जीव त्याची कवचं बांधतात, मेल्यावर ती तळाशी साचतात आणि चुनखडक होतो. हिशोब नीट बघा, दगड कुजताना हवेतले दोन कार्बन घेतले जातात, कवच बनताना एक परत सुटतो आणि एक दगडात कायमचा जातो. (चुनखडकच कुजला तर मात्र हिशोब शून्य, घेतलं तेवढंच परत. म्हणून सिलिकेटचा दगड, म्हणजे आपल्यासारखा, जास्त महत्त्वाचा.) पुढे समुद्राचा तळ सरकत सरकत जमिनीच्या पोटात जातो, तापतो, आणि तोच कार्बन ज्वालामुखीतून पुन्हा हवेत. असं चक्र.

हॅरोल्ड युरी या शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये ही देवाणघेवाण नीट मांडली आणि १९८१ मध्ये वॉकर, हेज आणि कास्टिंग या तिघांनी त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट दाखवली. हवा गरम झाली की पाऊस वाढतो, दगड जास्त कुजतो, कार्बन डायऑक्साइड जास्त ओढला जातो आणि हवा थंड होते. जास्त थंड झाली की पाऊस कमी, कुजणं मंद, पण ज्वालामुखी काही थांबत नाहीत, म्हणून वायू साठत जातो आणि हवा परत ऊबदार. गिझरच्या थर्मोस्टॅटसारखं, फक्त हा थर्मोस्टॅट लाखो वर्षांच्या हिशोबाने चालतो.

त्याच्याशिवाय काय झालं असतं ते कळायला दोन उदाहरणं पुरतात. सुमारे ३८० कोटी वर्षांपूर्वी सूर्य आजच्यापेक्षा साधारण पाव हिश्शाने मंद होता, तरी तेव्हाच्या खडकांत पाण्याच्या खुणा सापडतात, कारण हवेत उष्णता धरणारे वायू भरपूर होते. सूर्य तापत गेला तसा दगडाने कार्बन हळूहळू आत ओढून घेतला. दुसरं शुक्राचं. आकाराने जवळपास आपल्या पृथ्वीएवढा, पण तिथे पाणी नाही, पाणी नाही म्हणजे असं कुजणं नाही, सगळा कार्बन हवेतच राहिला, आज तिथली ९६ टक्के हवा कार्बन डायऑक्साइड आहे आणि जमिनीवर शिसं वितळेल इतकी उष्णता. आपल्याकडेही तितपतच कार्बन आहे, फक्त तो चुनखडकात निजलाय.

थर्मोस्टॅट एकदा गोठलाही होता. साधारण ७२ कोटी वर्षांपूर्वी बर्फ जवळजवळ विषुववृत्तापर्यंत आला आणि पाचेक कोटी वर्षं हटला नाही. १९९२ मध्ये जोसेफ किर्शविंक यांनी त्याला हिमगोल पृथ्वी असं नाव दिलं. त्याच्या थोडंच आधी कॅनडाच्या उत्तरेला आपल्या दख्खनसारखाच प्रचंड लाव्हा पसरला होता, तो ताजा बेसॉल्ट भराभर कुजला आणि त्याने हवेतला कार्बन इतका ओढला की थंडीला हातभार लागला असं बरेच संशोधक मानतात. बर्फाखाली दगड कुजणं जवळपास बंद, पण ज्वालामुखी चालू, म्हणून वायू साठत साठत शेवटी इतका झाला की बर्फ वितळला, आणि मग उघड्या पडलेल्या दगडावर तो आंबट पाऊस असा कोसळला की बर्फाने आणलेल्या गाळाच्या बरोबर वर कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडकाच्या जातीचा, थर जाऊन बसला. नामिबियात तो थर आजही डोळ्यांनी दिसतो. खाली बर्फाचा गाळ, लगेच वर ऊबदार समुद्रातला कार्बोनेट, मधे काहीच नाही.

झाडांनीही यात हात घातला. ३८-३९ कोटी वर्षांपूर्वी मोठी झाडं आली, खोल मुळं आली, मुळं भेगेत शिरून दगड फोडतात आणि आम्ल सोडून कुजवतात, दोन्ही कामं. कार्बन डायऑक्साइड उतरला आणि पुढे मोठं हिमयुग आलं. वडाचं रोप किल्ल्याच्या तटबंदीत शिरून जे करतं तेच, पृथ्वीभर.

आणि आपला दगड? ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो बाहेर पडला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या खाली, आज रियुनियन बेट आहे त्या बाजूला होता. मग उत्तरेला सरकत विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यातून गेला, आणि गरम दमट हवेत ताजा बेसॉल्ट म्हणजे सगळ्यात लवकर कुजणारी जोडी, ग्रॅनाइटच्या कितीतरी पट लवकर. गेल्या पाच कोटी वर्षांत पृथ्वी थंड होत आली त्यात दख्खनचा वाटा आहे असं काही संशोधक म्हणतात, काही जण हिमालय उचलला गेला त्याकडे बोट दाखवतात. मला वाटतं दोन्ही, पण वाद अजून चालू आहे.

एवढं वाचून कोणी म्हणेल की मग आत्ताची तापमानवाढ दगडच निस्तरेल. नाही निस्तरणार, निदान आपल्यासाठी नाही. सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात त्याच्या शंभर पटीहून जास्त आपण माणसं सोडतोय. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असाच कार्बन अचानक वाढला होता, तो खाली यायला दीडेक लाख वर्षं लागली. द्राक्षाच्या किती छाटण्या होतील तेवढ्यात, विचार करा.

पांडवलेण्यातली अक्षरं दोन हजार वर्षं टिकली. मग डोंगर झिजतात असं पुस्तकात का लिहितात? (नववीतली विद्यार्थिनी, नाशिक रोड)

बाळा, फार चांगलं निरीक्षण आहे तुझं. तिसऱ्या लेण्यात राणी बलश्रीचा लेख आहे, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, दुसऱ्या शतकातला, आणि तो आजही वाचता येतो. पण तो व्हरांड्याच्या आत आहे, वर दगडाचं छप्पर, थेट पाऊस नाही, माती नाही, मुळं नाहीत. मघाशी वर सांगितलं तेच, दगडाला कुजवायला पाणी टेकून राहावं लागतं. त्याच लेण्यांच्या बाहेरच्या बाजूला, जिथे कड्यावरून पाणी ओघळतं, तिथलं कोरीवकाम बघ किती बोथट झालंय. पुढच्या वेळी जाशील तेव्हा दोन्हींवर शेजारी शेजारी नजर टाक.

आणि दुसरं म्हणजे दोन हजार वर्षं आपल्याला खूप वाटतात. समजा डोंगर हजार वर्षांत फक्त एक सेंटीमीटर झिजला. लेणी खोदल्यापासून दोन सेंटीमीटर. पण ६ कोटी ६० लाख वर्षांत? ६६० मीटर! गुणाकार स्वतः करून बघ. कळसूबाई आज १६४६ मीटर आहे, साल्हेर १५६७, ही शिखरं उंच उगवलेली नाहीत, आजूबाजूचं सगळं निघून गेलं आणि ती उरली. धोडप, हरिहर, अंकाई, सगळे तसेच. एके काळी धोडपच्या माथ्यापासून साल्हेरच्या माथ्यापर्यंत लाव्हाचं पठार सलग होतं, आज मधे नुसती हवा आहे तिथे दगड होता.

डोंगरांना पायऱ्या का दिसतात तेही यातच आहे. एकावर एक लाव्हाचे थर, काही टणक, काही भोकाळ आणि मऊ. मऊ लवकर झिजतात आणि टणकाचा उभा कडा राहतो. आपल्या खडकाला ट्रॅप म्हणतात तो स्वीडिश भाषेतला जिन्याचा शब्द. काही थरांच्या मधे गेरूसारखा लाल पट्टा दिसतो, घाटात रस्ता कापलाय तिथे बघायला मिळतो. एक लाव्हा येऊन गेला, मग मधे शांततेचा काळ, तेवढ्यात वरचा पृष्ठभाग कुजून त्यातल्या लोखंडाला गंज चढला, आणि मग पुढचा लाव्हा त्याच्यावर आला. म्हणजे दगडाचा जन्म चालू असतानाच कुजणंही चालू होतं.

तू विचारलं नाहीस पण पुढचा प्रश्न येईलच, की मग एव्हाना सगळं सपाट का नाही झालं. गंगेवर होडीतून माणसं उतरली की होडी थोडी वर येते, बरोबर? जमिनीचं तसंच आहे, वरचा दगड झिजून वाहून गेला की ओझं कमी होतं आणि खालचं कवच वर उचललं जातं, अर्थात कोट्यवधी वर्षांत. म्हणून डोंगर आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त टिकतात.

समुद्राचं मीठ डोंगरातून येतं म्हणतात, मग गोदावरी गोड कशी?

थोडक्यात सांगते. गोदावरीत मीठ आहे, पण इतकं कमी की जिभेला कळत नाही. दगडातून सुटलेलं सोडियम ती १४६५ किलोमीटर नेऊन बंगालच्या उपसागरात टाकते, तिथून पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, म्हणून साठत जातं. (क्लोरीन मात्र जास्त करून ज्वालामुखीच्या वायूंतून आलंय.) एडमंड हॅले, धूमकेतूवाले, यांनी १७१५ मध्ये सुचवलं होतं की यावरून पृथ्वीचं वय काढता येईल, आणि १८९९ मध्ये जॉन जोली यांनी खरंच हिशोब करून आठ-नऊ कोटी वर्षं काढली. आज आपल्याला वय ४५४ कोटी माहीत आहे. चूक कुठे झाली तर समुद्रातलं मीठ बाहेरही पडतं, तळाच्या गाळात जातं, मिठाचे थर बनून जमिनीत गाडलं जातं, ते त्यांनी धरलंच नव्हतं. पण पद्धत सुचणं हीच मोठी गोष्ट होती, आणि दगड कुजायला किती काळ लागत असेल हा विचार लोक आकड्यांत करायला लागले.

आमच्या इगतपुरीकडच्या गावाजवळ खडी क्रशर आहे. त्याची डस्ट शेतात टाकली तर कार्बन शोषला जातो आणि पीकही वाढतं असं ऐकलं. भाताच्या खाचरात टाकू का?

ऐकलंत ते खरं आहे. दगडाची पावडर केली की त्याचा पृष्ठभाग हजारो पटीने वाढतो आणि जे कुजायला युगं लागली असती ते काही वर्षांत व्हायला लागतं. जगभर प्रयोग चालू आहेत, आणि २०२५ मध्ये माती कार्बन या भारतात छोट्या शेतकऱ्यांबरोबर हेच काम करणाऱ्या कंपनीला एक्सप्राइजचं (हवेतला कार्बन काढून घेण्याच्या जागतिक स्पर्धेचं) ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं.

पण सगळीकडे सारखा उपयोग होत नाही. वर ज्यांचा द्राक्षाचा प्रश्न आहे त्यांनी तर चुकूनही टाकू नये, त्यांच्याकडे आधीच चुना जास्त आणि सामू चढलेला, तिथे पावडर तशीच पडून राहील. तुमच्याकडे पाऊस धो धो, लाल माती, बऱ्याचदा आंबटसर, कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन गेलेलं, म्हणजे जिथे हे चालायला हवं तशीच जमीन. दोन गोष्टी मात्र बघा. एक, डस्ट मैद्यासारखी बारीक हवी, कचखडी टाकून काही होणार नाही. दोन, ती फक्त काळ्या पाषाणाची आहे ना, त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ना, याची खात्री करून घ्या. टाकताना तोंडाला रुमाल नको, नीट मास्क लावा, ती धूळ छातीत जाणं वाईट.

सगळ्या शेतात एकदम नको. एक खाचर टाकलेलं आणि शेजारचं न टाकलेलं असं ठेवा, आणि त्याआधी दोन्हींची माती तपासून घ्या. सामू किती येतो ते आम्हाला कळवा, ६ च्या खाली असेल तर पुढचं प्रमाण वगैरे सविस्तर बोलू.